खेळानं स्वभाव घडतो म्हणतात; तो नेमका कुठल्या कृतीतून?

रंकाळ्याचा_वारा
खेळाडूची कुठलीही मुलाखत उघडा, तिसऱ्या मिनिटाला "खेळानं मला माणूस केलं" येतंच. खोटं म्हणत नाही मी. पण नेमकं कुठं केलं, कशानं केलं, हे कुणी सांगत नाही. कोल्हापुरात कुस्ती आहे, फुटबॉल आहे, नेमबाजी आहे, पोहणं आहे. या खेळांत रोज जे हातानं केलं जातं त्यातली कुठली कृती कुठला गुण अंगात मुरवते?

"शिस्त येते" हे उत्तर बाद. शिस्त पहाटे चारला उठणाऱ्या दूधवाल्यालाही असते.

आणि अट आधीच सांगतो: "आमच्या वेळी" नको. स्वतःची कहाणी सुरू केली की एक मिसळ दंड, कटासकट. कृती, प्रमाण, चूक आणि तिचं कारण एवढंच लिहा.

खडाखडी
मग या धाग्यावर कोण लिहिणार? कोल्हापूरकराला "आमच्या वेळी" काढून टाकलं तर उरतं काय?

हौदातली_माती
उत्तर हौद, म्हणजे तालमीतला कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरण्यात आहे. डाव नंतर.

नवा पोरगा तालमीत आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी ढाक किंवा कलाजंग शिकवत नाही. हातात फावडं देतो. रोज लढतीआधी हौद वीत-दीड वीत खोल उकरायचा, ढेकळं फोडायची, खडा वेचून बाहेर टाकायचा, मग फळी ओढून सपाट करायचा. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव पडते. प्रमाण तालमीतालमीचं वेगळं, पण पाण्याचा अंदाज सगळीकडे एकच: मूठभर माती दाबायची, लाडू वळला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की फुटला पाहिजे. लाडू वळला नाही तर माती कोरडी. धूळ नाकातोंडात जाते, गुडघे-कोपरं सोलतात. टिचकीनं फुटला नाही तर ओली. पाय रुततो, आणि रुतलेल्या पायावर अंग फिरलं की गुडघ्याचा सांधा जातो. कितीतरी गुडघे डावानं नव्हे, असल्या मातीनं जातात.

आता गुण कुठला? ज्या कोपऱ्यात तू खडा ठेवलास तिथंच संध्याकाळी तुझी पाठ घासणार असते, किंवा तुझ्या जोडीदाराची. आळसाची किंमत त्याच दिवशी, स्वतःच्या कातड्यावर. हे भाषणानं शिकवता येत नाही. आणि हौद मोठा पैलवानही उकरतो. जिथं मोठ्यांनी फावडं सोडलं आणि फक्त बारक्या पोरांवर काम पडलं, तिथं गुण उतरत नाही, हमाली उतरते.

शंकेखोर_शिरोळकर
वरचं वर्णन छान, पण तर्क लंगडा आहे. पहिल्या महिन्यात शंभर पोरं येतात, वर्षानं दहा राहतात. राहिलेली दहा चिकट असणारच, कारण चिकट नसलेली घरी गेली. म्हणजे तालमीनं चिकाटी दिली की नुसती चाळणी लावली? चाळणीनं गहू मोठा होत नाही.

दुसरं असं की खेळानं माणूस बिघडतोही. नुरा कुस्ती कुठून आली? दोघं आधी ठरवून लढतात, हलगी वाजते, पब्लिक उठून फेटे उडवतं आणि इनाम वाटून घेतलं जातं. तेही त्याच मातीत उतरले होते, फावडंही मारलं होतं.

हौदातली_माती
चाळणीची गोष्ट निम्मी मान्य. पण नुरा ओळखायची कशी ते बघ. खऱ्या कुस्तीत खडाखडीच्या वेळी, म्हणजे सुरुवातीच्या हातझटापटीत, मानेवर टाकलेला हात जड पडतो, समोरच्याची मान खाली जाते, पाय मागं सरकतो. ठरवलेल्या कुस्तीत हात मानेवर नुसता ठेवलेला असतो. पकड बसायच्या आधीच हरायचं ठरलेला अंग सैल सोडतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात मधल्या फळीवरचा म्हातारा हे दोन मिनिटांत सांगतो. लबाडी अंगात दिसते एवढंच माझं म्हणणं. ती नसते असं नव्हे.

खडाखडी
"मधल्या फळीवरचा म्हातारा" ही कहाणी धरायची का? अर्धी मिसळ?

रंकाळ्याचा_वारा
म्हातारा दुसऱ्याचा आहे. माफ.

दहा_पूर्णांक_चार
नेमबाजीतून एक कृती देतो, कारण राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेऊन आल्यापासून सगळे "एकाग्रता, एकाग्रता" करतायत. एकाग्रता हा शब्द या खेळात फारसा कामाचा नाही.

आधी मोजमाप. ५० मीटरवरच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या लहान बटणाएवढं. आधी गुडघ्यावर, मग आडवं, मग उभं. गुडघ्यावर आणि आडवं असताना दंडाला पट्टा लावता येतो, उभ्यानं नाही. उभ्यानं सहासात किलोची रायफल हाडांवर तोलायची असते: डावं कोपर कमरेच्या हाडावर, कंबर थोडी पुढे, पाठ मागं झुकलेली. स्नायूंनी धरली की पाचव्या गोळीला थरथर सुरू.

आता कृती. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, सहा ते आठ सेकंदांत नेम स्थिर झाला तर घोडा दाबायचा. झाला नाही तर रायफल खाली घ्यायची. हाच सगळा खेळ आहे. आठ सेकंदांपुढे डोळ्याला जुनं चित्र दिसत राहतं, ऑक्सिजन कमी पडतो, मन म्हणतं "आता एवढं धरलंय तर मार की". ती गोळी नऊ किंवा आठला जाते. नवशिक्याची बहुतेक वाईट गोळी अशीच, न सोडलेल्या नेमाची असते. म्हणून सरावात मुद्दाम कोऱ्या बंदुकीनं नुसतं उचल-थांब-खाली घे करवतात, गोळी न मारता.

केलेली मेहनत वाया जाऊ देण्याची तयारी, हा तो गुण. फायनलमध्ये हे आणखी अवघड, कारण वेळ बांधलेला असतो; पॅरिसला चाळिसाव्या गोळीनंतर दोघे बाहेर गेले, पुढे प्रत्येक गोळीला एक जण. कुसाळे ४५१.४ वर थांबला तो असा ४४ गोळ्यांनंतर.

दूधकट्टा
"मेहनत वाया जाऊ देण्याची तयारी"... आमच्याकडे याला लग्नाची बोलणी मोडणं म्हणतात.

शंकेखोर_शिरोळकर
@दहा_पूर्णांक_चार, हे पटलं. पण रेंजवर रायफल खाली घेणारा माणूस बाहेर व्हॉट्सअपवर अर्धा तास भांडण सोडत नसेल तर? गुण बाहेर येतो याला पुरावा काय?

दहा_पूर्णांक_चार
आपोआप येत नाही. रेंजवर त्याला खूण असते: आठ सेकंद. बाहेर खूण नसते. खूण स्वतः लावली तरच येतो.

पेठेतला_गोलकी
फुटबॉलबद्दल कुणी बोलेना म्हणून. बाहेरगावच्यांसाठी: कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावंच तालमींची आहेत, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम वगैरे. कुस्तीच्या तालमीतली पोरं संध्याकाळी चेंडू मारायला लागली आणि पेठेची इज्जत शाहू स्टेडियमवर गेली.

इथं एक उलटी गोष्ट सांगतो. पेठेसाठी खेळणं हा गुण म्हणून सांगतात. मैदानात तोच अवगुण होतो. बघा: फ्री-किकला भिंत लावायची. गोलकी एका खांबाला उभा राहून भिंतीच्या कडेच्या माणसाला हातानं सरकवतो. तो माणूस चेंडू आणि जवळचा खांब यांच्या रेषेच्या अर्धं पाऊल बाहेर हवा. एवढं करायला पाचसहा सेकंद. पण पेठ मागून ओरडत असते, आपला बॅक रेफरीशी हुज्जत घालत असतो, भिंतीत चारऐवजी तीनच उभे, आणि तो गोल खांबाजवळून आत. नंतर "रेफरीनं मारलं".

रेफरीचा निर्णय फिरत नसतो. हुज्जतीचे पाच सेकंद भिंतीतून वजा होतात. हे ज्या पोराला हिशेबासारखं कळलं तो वाद घालत नाही. त्याचा स्वभाव शांत झाला असं नाही, त्याला वजाबाकी आली.

खडाखडी
"त्याला वजाबाकी आली" हे स्टेडियमच्या भिंतीवर रंगवा कुणीतरी.

पाण्यात_रोज
पोहण्यातली एकच. दहा वेळा शंभर मीटर, दर पावणेदोन मिनिटाला सुटायचं. सहाव्यापर्यंत सगळे प्रामाणिक. आठव्याला वळणावर भिंतीला पाय न लावताच फिरणं, लेनची दोरी हळूच ओढणं, दोन हात आधी थांबणं सुरू. पाण्याखाली प्रशिक्षकाला दिसत नाही. आठव्याला भिंत शिवणारा आणि न शिवणारा हे दोन वेगळे लोक आहेत, आणि कोण कुठला ते तोच जाणतो. एवढंच.

वजनकाटा
सगळे गुणाचं बोलताय. खेळाच्या नावावर अंगाचा छळ होतो तेही लिहायला हवं, कारण त्यालाही "जिद्द" म्हणतात.

पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटात फायनलला पोहोचली आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. लोक म्हणाले, शंभर ग्रॅम तर काय, केस कापायचे. केसही कापले होते. अडचण शंभर ग्रॅमची नव्हती. एका गटाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात आणि दोन्ही सकाळी वजन होतं. पहिल्या दिवशी वजन झाल्यावर लढायला अंगात पाणी आणि अन्न घालावंच लागतं. ते रात्रीत परत काढायचं. दोन-तीन किलो पाणी असं एका रात्रीत निघतं तेव्हा रक्त घट्ट होतं, नाडी वाढते, पोटऱ्यांत वांब येतात, आणि एका टप्प्यानंतर घामच यायचा थांबतो. तिथून पुढे कितीही पळा, काटा हलत नाही.

गावच्या मैदानात तर याहून वाईट. पंधरा वर्षांच्या पोराला खालच्या गटात बसवायला दोन दिवस पाणी तोडतात, प्लास्टिकचा रेनकोट घालून पळवतात. वाढत्या वयात हे करूच नये. नियम साधा ठेवा: स्पर्धेच्या तीन आठवडे आधी सकाळी, पोट साफ झाल्यावर वजन करा. गटापेक्षा वजनाच्या शंभराला तीन-चारपेक्षा जास्त फरक असेल तर तो गट तुमचा नाही, वरच्यात लढा. वरच्या गटात हरलेला पोरगा पुढच्या वर्षी परत येतो. पाणी तोडून जिंकलेला वीस वर्षांचा होईतो मैदान सोडतो.

साडेसहाची_बस
वजनकाटा दादा, मुलींच्या बाबतीत हे दुप्पट लागू. पाळीच्या आधी चार-पाच दिवस अंगात पाणी धरतं, किलो-दीड किलो सहज वाढतं. ती चरबी नसते. हे माहीत नसलेले प्रशिक्षक नेमकं तेव्हाच जेवण तोडायला लावतात. सततच्या उपाशी मेहनतीनं पाळी बंद पडते, हाडं ठिसूळ होतात. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टर, वस्ताद नव्हे. यात लाजण्यासारखं काही नाही, वहीत तारीख लिहायची.

उपचार_आधी
याच ओघात कानाचं. मोडलेला कान म्हणजे पैलवानाचा दागिना, असं म्हणून फोटो काढतात. कान घासला-दबला की कूर्चा आणि तिच्यावरचं पातळ आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं. कूर्चेला अन्न त्या आवरणातूनच मिळतं. ते सुटलं की कूर्चा मरते आणि जागा कडक गाठीनं भरते. कान मऊ, फुगलेला, दुखरा असेपर्यंत, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच, डॉक्टरकडून रक्त काढून वर दाबपट्टी बांधून घ्यायची. नुसती सुई मारून सोडलं तर रात्रीत परत भरतो. पट्टी काढेपर्यंत लढत बंद. पोरं इथंच चुकतात, तिसऱ्या दिवशी हौदात.

सहन करणं आणि दुर्लक्ष करणं यातला फरक शिकवत नसेल तर तालमीनं कुठला गुण दिला?

दूधकट्टा
उपचार_आधी यांचं खरंय. मी खुराकाबद्दल लिहितो, कारण जीवनाचं तत्त्वज्ञान माझ्या मते थंडाईच्या कुंडीत आहे. हसू नका.

रात्री बदाम भिजत घालायचे. सुरुवात दहानं, मेहनत वाढेल तसं पाच-पाचनं वाढ. सकाळी साल काढून खसखस, बडीशेप, मगज बी, चार मिरे, दोन वेलदोडे यांच्याबरोबर कुंडीत सोट्यानं घोटायचे. मिक्सरनं तेल सुटतं, चोथा जाड राहतो. घोटून फडक्यातून गाळायचं, दूध घालायचं. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं समोर काढलेलं धारोष्ण मिळतं, पण पोट कच्चं असेल तर उकळूनच घ्या; कच्च्या दुधातून रोग येतो, त्याला पैलवान कळत नाही.

आता मुद्दा. मेहनत सुटते तेव्हा खुराक सुटत नाही. हजार बैठका, पाचशे जोर मारणाऱ्याचं पोट तूप-बदाम जाळतं. तिशीत लढत थांबते, बैठका दोनशेवर येतात, दूध मात्र तेवढंच. चाळिशीत साखर, पंचेचाळिशीत गुडघे. उतरायचं शास्त्र आहे: मेहनत एकदम तोडायची नाही, दर महिन्याला दहावा हिस्सा कमी, आणि खुराक त्याच्या एक महिना आधी कमी. लोक उलटं करतात. चढायला वस्ताद असतो, उतरायला कुणी नसतो.

खडाखडी
पंचेचाळिशीत गुडघे... यात कुणाची तरी कहाणी लपलीय. पाऊण मिसळ.

दूधकट्टा
कटाशिवाय देईन.

जुनी_कात्रणं
धागा चांगला चाललाय, पण कोल्हापुरात गुणाचं बोलायचं आणि खाशाबांचं नाव नाही?

खाशाबा जाधव, कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे, इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला मॅटवर सहावे आले. मातीत पाय जरा रुततो, रुतल्यानं आधार मिळतो. मॅटवर तो आधार नाही, त्यामुळे बगलेतून शिरताना पाऊल घसरतं, वेग मात्र जास्त लागतो. १९५२ च्या हेलसिंकीला ५७ किलोत कांस्य. जपानच्या इशीईशी लांबलेली कुस्ती हरल्यावर लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगून भांडायला भारताचा अधिकारी तिथं नव्हता.

तरी मला वाटतं त्यांचा गुण बघायचा तो पदकात नाही. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून ते पैसे फेडले. ऑलिंपिक पदकवाला माणूस, मिरवणुकीनंतर परत मातीत, कर्जासाठी. त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं.

शंकेखोर_शिरोळकर
हे नम्रपणे वाचलं. पण प्रश्न तोच: कर्ज फेडायची वृत्ती कुस्तीनं दिली की घरून आली होती?

हौदातली_माती
शिरोळकर अण्णा, तुम्ही अंगावर यायचं सोडणार नाही. बघा, मातीतल्या कुस्तीत एक रीत आहे: पाठ लागली, दोन्ही खांदे टेकले, की हरलेला उठून जिंकलेल्याच्या हाताला हात देतो, वस्तादांच्या पाया पडतो आणि अंगावरची माती झटकत गर्दीतूनच बाहेर जातो. गुण-बिण मोजून "मी तर आठ-सहानं पुढे होतो" असं म्हणायची सोय नाही. चीतपट म्हणजे चीतपट. लहानपणापासून आठवड्याला दहा वेळा असं लोकांसमोर पडणं आणि ते कबूल करणं. मी म्हणतो देणं कबूल करायची सवय यातून येते. सिद्ध करता येणार नाही.

वजनकाटा
मॅटचं एवढं खाली लावू नका. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली, आणि नुसतं टाळत राहिला तर पंच ३० सेकंदांची मुदत देतो. त्यात गुण मिळवला नाही तर समोरच्याला एक. मातीत दोन जड पैलवान अर्धा तास माना धरून उभे राहायचे आणि कुस्ती बरोबरीत सुटायची, ते कुठल्या गुणाचं? आणि गणपतराव आंदळकर, मोतीबाग तालमीचे, मातीतलेच; १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, म्हणजे कमरेखाली पकडच नाही, पट नाही, पायाला आकडी नाही. मातीतले निम्मे डाव बाजूला ठेवून जिंकले.

हौदातली_माती
आंदळकरांचं नाव घेतलंत, आता बोलायची सोय नाही.

रंकाळ्याचा_वारा
सगळं वाचलं. खडा वेचणं, रायफल खाली घेणं, आठव्या शंभराला भिंत शिवणं, कान वेळेत दाखवणं, खुराक आधी उतरवणं. "शिस्त"पेक्षा हे हातात धरता येतं. शिरोळकरांच्या चाळणीला मात्र उत्तर मिळालं नाही, मिळेल असं वाटतही नाही. मिसळीचा हिशेब: कुणीच पुरा अडकला नाही, दूधकट्टा पाऊण. निराशा.

साडेसहाची_बस
एक शेवटचं विचारते. दहा वर्षांची मुलगी, सोमवारपासून तालमीत घालायची आहे, मुलींची वेगळी बॅच आहे. पहिल्या दिवशी काय बघून घ्यायचं?

उपचार_आधी
ताई, हातापायाची नखं कापा, कानातलं-बांगडी घरी. केस वेणी घालून वर, पिन नको, रबर. अंगावर गोल, कडेला लाल, मध्ये फिकट डाग दिसला तर गजकर्ण. तो बरा होईतो हौदात नाही, आणि तालीम अशा पोरांना थांबवते का ते विचारा. टॉवेल स्वतःचा. लढत झाल्यावर तासाभरात आंघोळ.

हौदातली_माती
आणि सहा महिने तरी पूल, म्हणजे डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान, मारायला लावू नका. आधी पडायला शिकू दे: हनुवटी छातीला, हात पसरून मातीवर आपटून. हात टेकून सावरायला गेली की मनगट जातं. बाकी पहिल्या दिवशी तिच्या हातात फावडं दिलं तर रागावू नका. फावडं तिच्या उंचीचं आहे का, तेवढं बघा.